वीस फुटाचं रिंगण

कारखान्याचा भोंगा झाला, चिमणीनं धूर सोडला आणि आमच्या सगळ्या बावडा गावात मळीचा वास पसरला. ह्यो वास आगाऊ पावण्यागत असतोय. दारात येऊन बसला की चार म्हयनं उठत न्हाय. चहाला त्योच, चटणीला त्योच, अंथरुणाला त्योच. वरनं धुण्यावर काळी राख पडती. माझ्या बनियनला भोकं आधीपास्नंच हायती, आता भोकांच्या मदी ठिपकं पडलं. बायको म्हणली, “बरं झालं. नक्षी पुरी झाली.”

रस्त्यानं उसाचं ट्रॅक्टर चालू झाल्यात. मागं दोन दोन ट्रॉल्या आणि टेपवर गाणी एवढ्या मोठ्यानं की गाळायच्या आधीच उसाला पाणी सुटावं. हंगाम लागला की लोकांच्या तोंडाला चव येती. कुणी रस मागतंय, कुणी काकवी, कुणी गरम गूळ. मला मात्र ह्या वासाबरोबर एक आवाज ऐकू येतोय. हेल्मेट डांबरावरनं घासत गेल्याचा. प्लास्टिकची खुर्ची फरशीवरनं वढत न्यावी तसा, पण खुर्ची थांबती. ह्यो आवाज थांबला न्हाय. चार हंगाम झालं.

माझी ओळख सांगायची तर सांगण्यागत काय न्हाय. नाव दिनकर, पण ते फक्त रेशनकार्डाला ठावं. गाव मला दिन्या म्हणतंय. तिसरीत दोनदा बसलो. पहिल्या वर्षी मास्तर म्हणलं, तुझ्या डोक्यात दगडं हायती. दुसऱ्या वर्षी म्हणलं, दगडं असती तर घर तरी बांधता आलं असतं. मग मी शाळा सोडली, म्हंजी शाळंनं मला सोडलं, आणि दोघास्नी बरं वाटलं. काम मंडपाचं. लग्न दुसऱ्याचं, खांब माझं. जेवणं उरकली की लोक हाक मारत्यात, “ये दिन्या, एक सांग की!” मग मी सांगतो. बहुतेक माझ्याच फजितीचं सांगतो. दुसऱ्याच्या फजितीवर हसलं तर भांडणं हुत्यात, माझ्या फजितीवर सगळ्यांचं एकमत असतंय.

एका कामात मात्र माझा हात धरणारा न्हवता. फुटबॉलच्या मैदानावर फक्की मारायची, म्हंजी पांढऱ्या भुकटीनं रेघा वढायच्या. डब्याला भोकं पाडायची, भुकटी भरायची आणि चालता चालता हात हलवत ऱ्हायचं. मॅचला सारं कोल्हापूर लोटतंय, गोल झाला की माणसं माणसाच्या खांद्यावर चढत्यात. रेघ कुणी मारली ते कुणी इचारत न्हाय. वाकडी झाली तरच इचारत्यात. माझी कवा वाकडी झाली न्हाय, म्हणून मला कवा कुणी इचारलं न्हाय.

इचारलं ते वैजूनं.

वैजू माझी भाची, आक्काची थोरली. आमच्याकडच्या पोरी “मी आलो, मी गेलो” असं बोलत्यात म्हणून भाईरचं लोक हसत्यात. वैजूला हसायची कुणाची छाती न्हवती. इंजिनीअर झालती. विलासराव म्हणून एक मालक, त्यांच्या वर्कशॉपमदी कामाला. काम काय, तर बिलं लिहायची. ड्रॉइंगच्या टेबलावर बसायची तिची लई इच्छा. विलासराव म्हणायचं, “पोरी, आधी कायतरी करून दाखव. टेबल काय पळून जात न्हाय.” टेबल पळून जात न्हवतं, पण त्याच्यावर हिच्यामागनं आलेली दोन पोरं बसलती.

त्या वर्षी पोरांच्यात एक येड शिरलं हुतं. विजेच्या फळीचं. स्केटबोर्ड म्हणत्यात त्याला. हातभर फळी, खाली चार चाकं, पोटाला बॅटरी, आणि माणसाच्या हातात पिस्तुलागत रिमोट. घोडा दाबला की फळी पळती आणि वरचा माणूस आपला गुमान हुबा. आवाज कसा, तर मधमाश्या डब्यात घालून झाकण लावल्यागत. पहिल्यांदा बघितलं तवा मी वैजूला म्हणलो, “ह्याला बसायला सीट न्हाय, धरायला हँडल न्हाय, ब्रेक हाय का न्हाय ते पडल्यावर कळतंय. ह्याच्यापेक्षा माझा संसार बरा.”

वैजूनं फळी स्वतः केलती. चाकंसुद्धा स्वतः वतलेली, वर्कशॉपमदी सुट्टीच्या दिवशी. विलासरावांनी सामान दिलं आणि एक अट घातली. आयतवारी शर्यत हाय, मी बघायला येतो. तुझी फळी चांगली वळली तर आपण असल्या फळ्या काढू, आणि टेबल तुझं. झालं. पोरीनं जेवण सोडलं. सरळ रस्त्यावर काय सगळ्याच फळ्या पळत्यात, ती म्हणायची, खरं कळतंय ते वळणावर.

बावड्याच्या मागं उसाच्या रानात नवीन प्लॉट पाडलं हुतं. रस्तं झालतं, गटारी झालत्या, दिव्याचं खांब हुबं ऱ्हायलं हुतं, घर मात्र एकबी न्हवतं. भुतांसाठी कॉलनी काढल्यागत. शर्यत तिथंच हुयाची. मधोमध गाड्या लावायला म्हणून डांबर टाकलेली मोकळी जागा हुती. वैजू मला तिथं घेऊन गेली आणि समजावून सांगायला लागली. मला कुणी कायतरी समजावून सांगतंय हेच मला नवीन.

“हे बघ मामा, वळणावर फळी भाईर पळायला बघती. चाक डांबराला धरून ठेवतंय. किती जोरानं धरतंय त्याचा आकडा काढायचा. तू हितं रिंगण मारायचंस. मधल्या डब्यापास्नं रेघ वीस फूट. मग मी त्या रेघंवरनं घुमणार, चाक सुटायच्या बेतात येस्तवर. एका फेऱ्याला किती सेकंद लागलं बघायचं. रिंगण ठावं, सेकंद ठावं, की आकडा आला.”

“आणि आकड्याचं काय करायचं? लोणचं?”

“आकडा हातात असला की कुठल्या वळणावर किती जोरानं जायचं ते आधीच कळतंय. पडून बघायला लागत न्हाय.”

पडून बघायला लागत न्हाय. मी सगळं आयुष्य पडून बघत काढलं. मला ते लई आवडलं.

डांबरात खुंटी मारता येईना, म्हणून मी मंडपाचा सिमेंट भरलेला रंगाचा डबा आणला. मधोमध ठेवला. त्याच्या पोटाला दोरी आवळली, घट्ट गाठ मारली. वैजूनं स्वतः टेप लावून वीस फूट मोजलं आणि दोरीला खूण केली. तिनं मोजलेलं बरोबर हुतं, हे ध्येनात ठेवा. मला ते ध्येनात ठेवायची गरज न्हाय, मी इसरूच शकत न्हाय. तेवढ्यात तिला वर्कशॉपमधनं फोन आला, कुठलं बिल सापडंना. जाता जाता म्हणली, “मामा, तुझ्या हातातलं हाय म्हणून तुला बोलवलं. पक्कं मार.”

मी दोरी ताणून धरली आणि फक्की सोडत चाललो. एक फेरा पुरा करून आलो, तर रेघंला रेघ मिळंना. मी आत, सुरुवात भाईर, मदी दोन-अडीच फुटाची फट. म्हणलं, हात ढिला पडला असंल. दोरी आणखी ताणली, दुसरा फेरा मारला. परत तेच, आणखी आत. मग मी काय केलं? जे जन्मभर करत आलोय तेच. सावरून घेतलं. दोरी टाकली, जिथं पोचलो हुतो तिथनं निव्वळ नजरंनं फिरत गेलो आणि असलं गोड जुळवलं की जोड सापडू नये. भाईरच्या रेघा खराट्यानं झाडून टाकल्या. लांब जाऊन बघितलं. चपातीगत गोल. आमच्या घरात तसली चपातीबी हुत न्हाय.

दुपारी पोरं जमली. सात-आठ जणं, आपापल्या फळ्या काखंत मारून. वैजू रिंगणावर उतरली. गुडघं वाकवलं, अंग आत टाकलं, हात डांबरावर टेकतोय का काय असा. ऊन तापलेलं, डांबर तापलेलं, चाकाचा करपट वास आणि त्यात मळीचा गोड वास, दोन्ही मिळून घशात चिकटत हुतं. पोरगी घुमत हुती. मला तिची भीती वाटायला पायजे हुती. मला माझ्या रेघंचं कौतुक वाटत हुतं. तिच्या चाकाखाली जराबी इस्कटली न्हाय.

साडेपाच सेकंदाला एक फेरा. वैजूनं वहीत गणित मांडलं, आकडा आला आठ. दहातलं आठ म्हणा. पोरांनी शिट्ट्या मारल्या. एवढा आकडा कुणाच्याच चाकाला आला न्हवता. पण वैजूच्या कंबरंला फोन बांधला हुता, त्योबी भाईर पळायचा जोर आपला आपण मोजत हुता. त्याच्यात बघितलं तर सहा.

वैजू म्हणली, “दोघांतलं एक खोटं हाय. परत मोजूया. रिंगण आधी मोजूया.”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आठ-धा माणसं माझ्याकडं बघत्यात आणि मी जोक मारला न्हाय असं कवा झालं न्हाय.

मी म्हणलो, “वैजे, बाईचा फोन हाय त्यो. आकडा कमीच सांगणार. वयबी कमी सांगतोय आणि वजनबी.”

काय हसली पोरं. एक तर खाली बसला पोट धरून. वैजूबी हसली जराशी, हसावं लागतंय म्हणून. मग तिनं फोन खिशात घातला, वहीतल्या सहावर एक आडवी रेघ मारली. मी रेघा मारणारा माणूस, पण इतकी सरळ रेघ मला जन्मात जमली न्हाय.

आणि मग एक पोरगा म्हणला, “कंपासनंबी असलं निघत न्हाय. मानलं बाबा, दिनकर सर!”

सर. मला सर. पोरांनी धरलंच ते. दिनकर सर चहा घ्या. दिनकर सर, आमच्या गल्लीत बी एक रिंगण मारून द्या. थट्टाच असंल, पण थट्टंत तरी सर म्हणलं की. घरी जाऊन बायकोला सांगितलं, तर म्हणली, “मग सर, दळण आणा.” दळण आणायला जाताना मी छाती फुगवून गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काकडं गेलो. गोठ्यात म्हईस हंबरत हुती. जाऊन बघतोय तर खुंट्याभोवती फिरून फिरून तिनं दावं सगळं गुंडाळून घेतलेलं. मान खुंट्याला टेकलेली, डोळं भाईर. वैरण दोन हातावर, पण तिथवर तोंड पोचंना. मी हसलो. म्हणलो, “काय गं येडे, जितकी फिरशील तितकी आवळशील, एवढं कळंना तुला?” आणि हातात दावं धरून हुबा ऱ्हायलो तसाच.

दोरी मीबी डब्याला घट्ट आवळलती. डबा जाग्यावर, मी फिरतोय, दोरी डब्याच्या पोटाला गुंडाळत चालल्या. दर फेऱ्याला डब्याचा घेर जेवढा, तेवढी कमी. दोन फेरं. म्हशीला अक्कल न्हाय म्हणून मी हसत हुतो. म्हशीनं निदान माप घ्यायचं काम धरलं न्हवतं.

तसाच चालत प्लॉटवर गेलो. माझी चप्पल बरोबर फुटाची हाय, मंडपाची मापं मी तिच्यावरच घेतो. डब्यापास्नं रेघंपातूर चपलंला चप्पल लावत गेलो. वीस यायला पायजे हुतं. पंधरालाच रेघ आली. परत मोजलं. पंधरा. आजूबाजूला उसाच्या तुऱ्यांनी सगळं रान पांढरं झालं हुतं, वारं सुटलं हुतं, आणि मी मधोमध हुबा, एका पायात चप्पल, एक हातात.

शर्यतीला तीन दिवस हुतं. तीन दिवसांत माणूस मुंबईला जाऊन परत येतोय. मला आक्काच्या घरापातूर जाता आलं न्हाय. म्हंजी गेलतो, रोज गेलतो. चहा पिलो. म्हशीचं दावं सोडवलं. वैजू वहीत मान घालून बसलेली असायची, वळणाचं चित्र काढून. मी तोंड उघडायचो आणि त्यातनं जोकच पडायचा. एकदा तर म्हणायला लागलो, “वैजे, ते रिंगण...” तवर गल्लीतनं पोरगा वरडला, “काय दिनकर सर, आयतवारी पेपर किती वाजता?” आणि मी त्याच्याकडं वळलो. बास. एवढ्यावरच ऱ्हायलं ते.

लोक म्हणत्यात भीतीनं माणूस गप बसतोय. मला भीती न्हवती. वैजू काय मला मारणार न्हवती. लई तर हसली असती सगळी, आणि हसण्याचं मला काय नवीन? पण ते हसणं मी सांगितलेल्या फजितीवर असतंय. ही फजिती मी सांगितलेली न्हवती, ही खरी हुती. आणि मला आणखी चार दिवस सर ऱ्हायचं हुतं. पावणं, माणूस कशापायी काय करतोय ते बघा. कुणी राज्यापायी करतंय, मी दोन अक्षरापायी केलं.

आयतवारची सकाळ गार हुती. उसावर धुकं, तोंडातनं वाफा, तोडकऱ्यांच्या खोपटातनं चुलीचा धूर. विलासराव मोटारीतनं उतरलं, स्वेटर घालून. वैजूनं हेल्मेटचा पट्टा आवळला आणि मला बाजूला घेतलं.

“मामा, शेवटचं इचारतो. सहा धरला तर त्या उसाकडंच्या वळणावर तिशीनं जायला पायजे. आठ धरला तर पस्तिशीनं जमतंय. तिशीनं गेलो तर मी हारतो. वीस फूट हाय न्हवं?”

तिचं डोळं बघायला पायजे हुतं. झोप न्हाय, पण चकाकत हुतं. मी म्हणलो, “वीस नसलं तर माझं नाव बदल.”

“शप्पत?”

“तुझ्या आईची.”

माझी सख्खी भन. आक्का तिथं न्हवती. घरी चपात्या करत बसलती.

नंतरचं सांगायला वेळ लागतोय, हुयाला लागला न्हाय. मधमाश्या वरडल्या. चार फळ्या एकदम सुटल्या, वैजू पुढं. वळण आलं. तिनं अंग आत टाकलं, अगदी रिंगणावर टाकायची तसं, हात डांबराजवळ, आणि अर्ध्या वळणात चाकांनी धरलेलं सोडलं. आरडाओरडा न्हाय, काय न्हाय. चाकाची एक किंचाळी, मग त्यो आवाज, हेल्मेटचा. ती सरळ गेली. रस्ता वळला आणि ती सरळ गेली. गटारीचा काठ मदी आला.

सगळ्यात आधी पळाली ती एक ऊसतोड बाई. कोयता टाकला, डोक्याचा फडका सोडला, वैजूची मांडी दोन उसाच्या कांड्यास्नी बांधली आणि आम्हास्नी वरडली, “बघताय काय, बापय असून? गाडी आणा की!” पोरांच्या हातात मोबाईल हुतं. चित्र काढायला धरलेलं, तसंच धरलेलं ऱ्हायलं.

ते चित्र संध्याकाळपातूर सगळ्या गावात फिरलं, खाली गाणं लावून. मलाबी आलं. घरात बसून बघितलं. ती वळायच्या जागी सरळ जाती आणि अलगद उसात शिरती, वर गाणं असं की, पहिल्यांदा बघितलं तवा मला हसू आलं. खोटं कशाला बोलू? पोटातनं आलं. बायको भाकरी थापत हुती, तिनं माझ्याकडं बघितलं आणि परत थापाय लागली.

मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं हुतं. सळई घातली. पाय बोटभर आखूड झाला.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर लोक जमलं की निवाडा चालायचा. मीच पहिला म्हणलो, “चाकाखाली उसाचं वाळकं पाचट आलं.” हंगामाच्या दिवसांत पाचट कुणाच्याबी चाकाखाली येतंय, पाचटावर कोण केस घालतंय? पण वैजूनंच सांगितलं, रस्ता सोच्छ हुता, मी सकाळी झाडलेला. मग विलासराव म्हणलं, “फोन सहा सांगत हुता म्हणं. पोरगीनं आठ धरलं. हावरटपणा, दुसरं काय? असल्या कच्च्या गणिताच्या पोरीला मी ड्रॉइंगवर बसवणार हुतो. देवानं वाचवलं मला.” सगळ्यांनी माना हलवल्या. मीबी हलवली. मान हलवायला शिक्षण लागत न्हाय.

वैजू वही घेऊन पडलेली असायची. पाय वर टांगलेला, पेन्सिल हातात. तेच गणित परत परत, वरनं खाली, खालनं वर. मला बघितलं की म्हणायची, “मामा, कुठं चुकलो मी? सापडंना बघ.” आणि मी म्हणलो, “तू गणितात चुकलीस, मी तर जन्मालाच चुकून आलोय.” ती हसली. हसल्यावर पाय दुखला, मग डोळ्यांतनं पाणी आलं, मग परत हसली. मी आणखी एक जोक सांगितला. आक्का म्हणली, “दिन्या हाय म्हणून पोरगी हसती तरी.” आक्कानं त्या दिवशी मला डब्यातलं अंडं वाढलं. मी खाल्लं.

वैजूचं वर्कशॉप सुटलं. पुढं गारगोटीला लगीन झालं, माणसं चांगली मिळाली. फळी माळ्यावर गेली. चाकं तिच्या दिरानं काढून गॅस टाकीच्या गाड्याला लावली, झकास फिरत्यात म्हणं. प्लॉटवर घरं झाली आता. माझ्या रिंगणावर कुणाचा तरी पोर्च हाय, खाली कुंड्या ठेवल्यात. पावसानं फक्की धुऊन नेली तवा मला वाटलं, चला, सुटलो. पण फक्कीचा पुरावा जातोय, तसा मळीचा वास जात न्हाय. दरसाल भोंगा हुतोय आणि माझी हजेरी लागती.

ह्या साली हंगाम लागला त्याच आठवड्यात आक्काच्या नातवाचं जावळ हुतं. वैजू आलती. चालताना एक खांदा खाली जातोय, सवय झाल्या तिला, आम्हास्नीबी. दुपारी अंगणात मटणाचा हिशेब चालला हुता. आक्का म्हणली, “वैजे, नव्वद माणसं. माणशी पावशेर धरलं तर किती किलो आणायचं गं?”

असलं गणित ही पोरगी सातवीत असताना वैरण घालता घालता करायची. वैजूनं पदरातनं फोन काढला. आकडं दाबलं. परत दाबलं. मग तिसऱ्यांदा दाबलं आणि फोन आक्काच्या हातात दिला. “तूच बघ आई. माझ्यावर नगं. माझं चुकतंय.”

ती थट्टा करत न्हवती. साधं बोलली, जसं कुणी म्हणतंय मला कमी दिसतंय, तसं. पाय मोडलेला मी बघितला हुता. हे मी बघितलं न्हवतं.

जेवणं झाली. पंगत सैलावली, सुपारी फिरली. कुणीतरी म्हणलं, “ये दिन्या, एक सांग की!” आणि मी सांगितलं. डबा, दोरी, दोन फेरं, खराटा, म्हईस, चप्पल, शप्पत. सगळं. माझ्या तोंडाला एकच चाल ठावं हाय, मी त्याच चालीत सांगितलं. म्हशीपातूर आलो तवा लोक लोळायला लागली हुती. चपलंला एक म्हातारा ठसकला, त्याच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. “पंधरा!” म्हणलो आणि टाळ्या पडल्या. आक्का डोळं पुसत म्हणली, “मुडद्या, माझी खोटी शप्पत घेतलीस व्हय!” आणि परत हसली. कुणालाबी ते खरं वाटलं न्हाय. माझं आजवरचं सगळ्यात भारी, असं म्हणलं सगळ्यांनी.

वैजू हसली न्हाय. ती भित्तीला टेकून बसलती, पाय लांब करून. लोक उठून गेल्यावर म्हणली, “मामा, डब्याचा घेर किती?”

मी दोन हातांनी दाखवला. “अडीच फूट.”

“फेरं?”

“दोन.”

ह्या बारीला तिनं फोन काढला न्हाय. डोळं झाकलं. व्हट हलत हुतं. “विसातनं पाच गेलं, पंधरा. पंधरा भागिलं वीस, पाऊण. आठाचं पाऊण...” डोळं उघडलं. “सहा. फोन बरोबर हुता. म्हंजी वहीतलंबी बरोबर हुतं. मी कुठंच चुकलो न्हवतो.”

मी तिच्या पायाकडं बघत बसलो. म्हणलो, “मार मला वैजे. चप्पल घे.” ती माझ्याकडं बघतच न्हवती. तिच्या तोंडावर जे आलं हुतं ते बघायला मी अजून दहा वरसं दिली असती, आणि त्यात माझ्यासाठी कायबी न्हवतं. राग न्हाय, शिवी न्हाय. मी तिथं नसल्यागत. मग म्हणली, “विलासरावास्नी सांग. हेच. सगळं.”

दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपमदी गेलो. लेथवरची पोरं भोवती जमली, कारण दिन्या आला म्हंजी करमणूक. मी ठरवून गेलतो, जोक करायचा न्हाय, सरळ सांगायचं. सरळच सांगितलं. हात जोडलं. म्हणलो, “मालक, पोरीचं गणित पक्कं हुतं. माप मी खोटं दिलं.” विलासराव आधी बघत ऱ्हायलं. मग त्यांचा गाल हलला. म्हशीला तर त्यांनी टेबलावर थापा मारल्या. चष्मा काढून डोळं पुसलं. म्हणलं, “दिन्या, लेका, तोंड बारीक करून सांगायची तुझी कला लई भारी. ये बाळ्या, दिनकर सरास्नी चहा आण.”

चहा आला. मी पिलो.

तिसऱ्या दिवशी वैजूचा फोन आला, गारगोटीवरनं.

“सांगितलंस?”

“सांगितलं.”

“मग?”

“हसलं.”



“उद्या परत जा,” म्हणली.